ॲट पोस्ट पिंपळखडी

सांगलीला आमच्या वर्गाच्या खिडकीतून मार्केट यार्डाच्या बाजूचा वारा आला की हळदीचा वास येतो. कोरडा आणि घशाला थोडा लागणारा. पहिल्या वर्षी मला तो नकोसा वाटायचा. आता तिसरं वर्ष आहे, आणि तो वास आला नाही तर वर्गात बसल्यासारखं वाटत नाही.

गेल्या आठवड्यात मॅडमनी फळ्यावर इंग्रजीतला एक अगदी लहान शब्द लिहिला. ॲट. म्हणाल्या, आजचा आख्खा तास या एका शब्दावर. मागच्या बाकावरची पोरं हसली. मॅडम सांगत गेल्या. हा शब्द जागा दाखवतो, पण त्या जागेच्या आत काय आहे ते सांगत नाही, नुसतं ठिकाण दाखवतो, नकाशावर बोट ठेवल्यासारखं. वेळ सांगताना तो घड्याळातला नेमका ठोका सांगतो. आणि कधीकधी तो रोख सांगतो. कुणाकडे बघतो, कुणाला हसतो. चेंडू कुणाला झेलायला दिला तर शब्द वेगळा, आणि त्याच्या अंगावर मारला तर हा. हे शेवटचं मला माहीत नव्हतं. मी ते वहीत लिहून घेतलं आणि खाली रेघ ओढली.

मग त्यांनी प्रत्येकाला एक वाक्य करायला सांगितलं. माझा नंबर आला की मी नेहमी घाबरते. घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही, त्यामुळे आपण चुकलो तर सगळं घर चुकलं असं काहीतरी वाटतं. मी उभी राहिले आणि तोंडातून निघालं ते असं, "ॲट पोस्ट पिंपळखडी, तालुका खटाव, जिल्हा सातारा."

वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "हे वाक्य नाही झालं. पण मला सांगा, तुमच्यापैकी किती जणांनी हा शब्द आयुष्यात पहिल्यांदा पत्त्यात लिहिला?"

हात वर होत गेले. पलूसकडची मुलगी, इस्लामपूरची दोघं, मिरजेच्या पुढून येणारा एकजण. जवळजवळ सगळा वर्ग.

त्या दुपारी मी होस्टेलवर आले आणि पलंगाखालच्या पेटीतून शाळेतलं जुनं इंग्रजी व्याकरणाचं पुस्तक काढलं. त्याला मी सातवीत असताना घातलेलं खाकी कव्हर आहे. कोपरे झिजलेत, पण मी ते कधी बदललं नाही. कव्हर आणि पुठ्ठा यांच्या मध्ये बोट घातलं की एक पाकीट लागतं. ते तिथं आहे हे मला रोज माहीत होतं. रोज माहीत असणं आणि बाहेर काढून बघणं यात मी आठ वर्षं काढली.

आमचं गाव माळावर आहे. पाऊस बेताचा. बटाटा, ज्वारी आणि घेवडा एवढंच येतं. श्रावणात घेवड्याला पांढरी, जांभळी फुलं येतात आणि बांधावरून जाताना शेंगांचा ओला, हिरवट वास येतो. लांबच्या पठारावर पवनचक्क्या फिरताना दिसतात. लहानपणी मला वाटायचं, श्रावणातला वारा त्याच पाठवतात.

त्याच दिवसांत आमच्या ओट्यावर बायका जमायच्या. राखीपौर्णिमेला दहाबारा दिवस राहिले की सुरुवात व्हायची. गावातल्या निम्म्या घरांतलं कुणी ना कुणी बाहेर. फौजेत, नाहीतर पुण्या-मुंबईला कामाला. फोन सगळ्यांकडे आले होते, पण राखी फोनमधून जात नाही. आणि मराठीत पत्ता लिहिलेलं पाकीट लांब पोचत नाही, असा सगळ्यांचा ठाम समज होता. मी सातवीत होते आणि माझं इंग्रजी अक्षर वळणदार होतं. म्हणून सगळी पाकिटं माझ्यासमोर यायची.

राखीबरोबर कागदाच्या पुडीत हळदकुंकू आणि चार अक्षता. पाकीट बंद करायला डिंक नसायचाच. आई एका ताटलीत भाताची गरम शितं आणून ठेवायची. ती बोटानं चुरडून पाकिटाच्या तोंडाला लावायची आणि वर तांब्या दाबून ठेवायचा. ओट्यावर भाताचा, कुंकवाचा आणि माझ्या शाईपेनाचा असा एक मिळून वास असायचा. आमचे पोस्टमन जगूनाना दर वर्षी कुरकुरायचे, "तुमच्या पाकिटांनी थैलीत मुंग्या हुत्यात बायांनो." बायका म्हणायच्या, "मग मुंग्यास्नीच वाटायला लावा की टपाल, तुमच्यापरास लवकर पोचंल."

"पोरी, माझ्या भावाचं नाव मोठ्या अक्षरात लिव. पोस्टातला मानूस आंधळा बी आसंल."

"आगं तुझा भाऊ तर पलीकडच्या आळीत ऱ्हातोय, पाकीट कशाला?"

"आसूं दे की. ॲट पोस्ट लिवलेलं टपाल त्याच्या दारात गेलं तर त्याच्या बायकूला तरी कळंल, आमी बी काय कमी न्हाई."

हा शब्द आमच्याकडे सगळ्यांना येत होता. ज्यांना एबीसीडी येत नव्हती त्यांनाही. आमचे शाळेतले गुरुजी पत्रलेखनात सांगायचे, गावाच्या आधी ॲट पोस्ट नसेल तर एक गुण कापणार. मला तर बराच काळ वाटायचं, तो आमच्या गावाच्या नावाचाच भाग आहे. जसं माणसाच्या नावाआधी श्री लावतात, तसा गावाच्या नावाआधी लावायचा मान.

त्या वर्षी सगळ्या बायका गेल्यावर सुमनआत्या आली. माझी सख्खी आत्या नव्हे. ती गावची लेक, म्हणून सगळ्या पोरांची आत्या. लग्न होऊन गेली होती आणि चार वर्षांत परत माहेरी आली होती. का, ते आमच्यासमोर कुणी बोललं नाही. आईवडील गेल्यावर ती त्या घरात एकटीच राहायची. तिला एकच भाऊ, हणमंततात्या, फौजेत. त्यांचं आणि तिचं दोन वर्षं बोलणं नव्हतं. शेवटच्या सुट्टीत तात्या तिच्या हातचं न जेवता गेले होते, एवढंच गावाला माहीत होतं. त्याआधी काय झालं ते मला आजही नीट ठाऊक नाही.

आत्याच्या हातात पाकीट होतं आणि जुन्या पत्राचा फाडून ठेवलेला तुकडा. त्यावर तात्यांच्याच अक्षरात त्यांचा पत्ता होता.

मी नंबर लिहिला, हुद्दा लिहिला, नाव लिहिलं. मग पलटणीचं नाव, आणि शेवटी केअर ऑफ, एक आकडा आणि फौजेच्या टपालखात्याची तीन अक्षरं. संपलं.

आत्या वाकून बघत होती. "आन् गाव?"

"फौजेच्या पत्त्यात गाव नसतं, आत्या."

"मग त्यो ऱ्हातो कुठं?"

"ते सांगत नाहीत. केअर ऑफ म्हणजे, त्यांच्याकडे सांभाळायला दिलंय."

"सांभाळत्यात व्हय कुनीतरी? बरं हाय मग."

मी म्हणाले, "चिठ्ठी लिहू का आत? दोन ओळी?"

"नगं. राखी जाऊं दे. कळायचं त्येला कळंल."

"मागे तुमचं नाव?"

"नाव कशाला? त्येला हाय कोन दुसरं राखी धाडायला?"

पाकीट मी हातात धरून बघितलं. ते उघडं, अर्धवट वाटत होतं. माझ्यासमोर दिवसभरात वीसेक पाकिटं गेली होती आणि प्रत्येकावर गाव होतं, तालुका होता, जिल्हा होता. याच्यावर खालचा निम्मा भाग मोकळा. मला गुरुजींचा कापलेला गुण आठवला. आणि माझा हात खाली गेला. ॲट पोस्ट पिंपळखडी. तालुका खटाव. जिल्हा सातारा. खाली पिनकोडचे सहा आकडे, एकेका चौकोनात एकेक.

आत्यानं त्या ओळींवरून बोट फिरवलं. तिला वाचता येत नव्हतं, पण आकार ओळखीचा होता. "आता कसं भरल्यावानी दिसतंय," ती म्हणाली. शितं तिनं स्वतः लावली, दोनदा. पाकिटावर तिच्या अंगठ्याचा कुंकवाचा डाग पडला. तो आजही आहे, फक्त आता तपकिरी झालाय.

पौर्णिमा होऊन आठवडा झाला होता. मी शाळेतून येत होते. जगूनानांनी सायकल थांबवली आणि थैलीतून ते पाकीट काढलं.

"काय गं इंग्लिशवाले, हणमंता गावात आलाय व्हय?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि कानशिलं तापली. पाकिटावर शिक्के होते. ते कुठंतरी जाऊन, आमच्याच गावचा पिनकोड वाचून, आमच्याच गावात परत आलं होतं.

"सुमनआत्याचं दिसतंय," नाना हळू आवाजात म्हणाले. "तिला सांगू नगंस, जिवाला लावून घील. नीट पत्ता लिवून उद्या दे माझ्यापाशी. उशीर झाला तर झाला, पोचंल तरी."

मी मान हलवली. दुसऱ्या दिवशी नानांनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, "टपालपेटीत टाकलं." नाना हसले आणि घंटी वाजवत गेले.

मी टपालपेटीत टाकलं नव्हतं. का नाही टाकलं, याचं उत्तर मी पुष्कळदा शोधलं. नवीन पाकीट नव्हतं. त्याच पाकिटावर खाडाखोड केली असती तर तात्यांना दिसलं असतं की गावात जिच्या हातात लिहिणं आहे तिला लिहिता येत नाही. आज करू, उद्या करू म्हणत दिवाळी आली. मग राखी पाठवायचा काही अर्थच उरला नाही असं मी स्वतःला सांगितलं. पण खरं कारण एवढंच असावं की गावात मला इंग्लिशवाली म्हणत होते, आणि ते मला फार आवडत होतं.

त्या पावसाळ्यात आणि त्या हिवाळ्यात मी एक आवाज ऐकत राहिले. सकाळी अकराच्या सुमाराला जगूनानांच्या सायकलची घंटी आमच्या आळीत वाजायची. लगेच आत्याच्या दाराची कडी वाजायची. मग तिचा आवाज. "काय हाय व्हय नाना?" आणि नानांचा, "आज न्हाई, बाई." माझं घर मधे दोन घरं सोडून होतं. मला सगळं ऐकू यायचं. संक्रांतीपर्यंत कडी वाजत होती. मग एक दिवस नुसती घंटीच वाजली.

पुढच्या उन्हाळ्यात तात्या सुट्टीवर आले. आम्ही पोरं पारावर खेळत होतो. तात्या काळी लोखंडी पेटी खाली ठेवून आत्याच्या आळीच्या तोंडाला उभे राहिले. पेटीवर पांढऱ्या रंगात त्यांचा नंबर आणि नाव होतं, मी पाकिटावर लिहिलं होतं अगदी तेच. मी ते वाचलं आणि खेळ सोडून घरी पळाले. ते किती वेळ उभे होते, कुठं गेले, मला माहीत नाही. एवढं कळलं की आत्याकडे गेले नाहीत. आई संध्याकाळी भाकरी थापताना म्हणाली, "राखी धाडली तरी त्येचा राग ग्येला न्हाई बघ. दगडाचं काळीज." मी चुलीत बघत बसले.

मी दहावीला शाळेत पहिली आले तेव्हा आत्यानं माझ्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. मी सांगलीला निघाले तेव्हा तिनं मला घेवड्याची शेर-दीड शेराची पिशवी दिली. "मेसचं अन्न अंगी लागत न्हाई." प्रत्येक वेळी मला वाटायचं, आता सांगते. प्रत्येक वेळी मी पायाला हात लावून निघायचे.

दोन वर्षांपूर्वी तात्या निवृत्त होऊन गावी आले. एसटी स्टँडच्या रस्त्याला त्यांनी घर बांधलं. फाटकावर माजी सैनिक अशी पाटी लावली. आत्याच्या घरापासून ते घर दोनशे पावलांवर असेल. आत्या डेअरीला दूध घालायला जाताना त्या रस्त्यानं जात नाही. ओढ्याकडून लांबचा फेरा घेते. पावसाळ्यात तिथं चिखल असतो, तरीही.

मॅडमच्या त्या तासानंतरच्या शनिवारी मी एसटीत बसले. पलूसपर्यंत दोन्ही बाजूंनी ऊस. विटा सोडलं की हिरवं विरळ होतं आणि माळ सुरू होतो. मांडीवर पुस्तक होतं. पौर्णिमा चार दिवसांवर होती. चेंडू देणं आणि चेंडू मारणं, हेच डोक्यात घोळत होतं. मी तर काहीच फेकलं नव्हतं. नुसतं जवळ ठेवलं होतं. त्याला कुठला शब्द लावायचा, ते मॅडमनी सांगितलं नव्हतं.

घरी पिशवी टाकली आणि तशीच आत्याकडे गेले. ती ओसरीवर घेवडा निवडत बसली होती. सुपातले दाणे खळखळत होते.

"आली व्हय मास्तरीनबाई? बस. चा टाकू?"

मी बसले नाही. पुस्तकाच्या कव्हरमधून पाकीट काढलं आणि तिच्यासमोर धरलं. तिनं हातात घेतलं. आधी काही कळल्याचं दिसलं नाही. मग तिचा अंगठा आपोआप त्या डागावर गेला.

मी सगळं सांगितलं. नीट सांगता आलं नाही. मधूनच रडले, मधूनच परत पहिल्यापासून सांगितलं. आत्या माझ्याकडे बघत नव्हती. सुपातला एक किडका दाणा तिनं उचलून अंगणात टाकला. मग दुसरा.

"त्येला मिळालीच न्हाई, म्हंजी," ती म्हणाली.

"नाही."

"आन् मी आठ वर्सं..." ती थांबली. पाकीट तिनं मांडीवर ठेवलं. "धाव्वीला पयली आलीस तवा माझ्या हातावर पेढा ठिवलास तू."

"हो."

"तवा बी हे तुझ्यापाशीच हुतं?"

"हो, आत्या."

"माझा घेवडा घिऊन सांगलीला ग्येलीस तवा बी?"

तिनं सूप बाजूला सरकवलं, इतक्या जोरात की दाणे ओसरीभर सांडले. मला वाटलं, आता ती मला हाकलून देईल. दिलं असतं तर बरं वाटलं असतं, असंही वाटलं. पण ती सांडलेले दाणे बघत बसून राहिली. शेवटी तिनं पाकीट माझ्यापुढे केलं.

"वाच. काय काय लिवलंयस त्ये वाच समदं."

मी वाचलं. नंबर. हुद्दा. नाव. पलटण. केअर ऑफ. "ॲट पोस्ट पिंपळखडी. तालुका खटाव. जिल्हा सातारा."

"आन् आता ऱ्हातो कुठं त्यो?"

"इथंच."

"मग पत्ता बराबर हाय की," आत्या म्हणाली.

ती उठली. पदर डोक्यावरून घेतला. पायात चप्पल सरकवली. मला म्हणाली, "चल. तुझं अक्षर हाय. त्येनं काय इचारलं तर तूच सांग."

ती ओढ्याकडे वळली नाही. सरळ रस्त्यानं चालली, आणि मी मागून. पारावर बसलेल्या दोघा म्हाताऱ्यांनी बोलणं थांबवून बघितलं. दोनशे पावलं मला वाटली होती. नंतर मोजली तर एकशे साठच होती.

तात्या अंगणात बसून ती काळी पेटी काचकागदानं घासत होते. वरचा रंग खरवडून निघाला होता, पण नंबर अजून वाचता येत होता. गंजाचा वास येत होता. फाटक वाजलं तशी त्यांनी मान वर केली, आणि हातातला कागद तसाच राहिला. ते उभे राहिले. आत्या फाटकाच्या आत एकच पाऊल टाकून थांबली.

"टपाल हाय तुझं," ती म्हणाली.

त्यांनी हात विजारीला पुसले, दोन्ही बाजूंनी. पाकीट घेतलं, डोळ्यांपासून लांब धरलं. स्वतःचा नंबर ओठांत वाचला. शिक्क्यावर बोट ठेवून साल बघितलं आणि ते बोट तिथंच राहिलं. मग पाकीट उलटं करून बघितलं. मागची बाजू कोरी होती.

"धाडनाऱ्याचं नाव न्हाई हेच्यावर," ते म्हणाले.

"मी," आत्या म्हणाली.

पाकिटाच्या तोंडाला आठ वर्षांपूर्वीची शितं होती, वाळून काचेसारखी झालेली. तात्यांच्या बोटांना ती सुटत नव्हती. फाडायचंही त्यांच्या मनात नसावं. ते नखानं हळूहळू एकेक शीत काढत राहिले आणि आत्या फाटक सोडून दोन पावलं पुढे गेली, पाकीट नीट धरायला.

मी फाटकापाशीच थांबले. मला आत बोलावलं नव्हतं.